कुत्र्याचा जंत, माणसाचा हत्तीपाय आणि मधला डास

"डॉक्टर, आमच्या कुत्र्याच्या रक्तात फायलेरिया निघाला. आता घरात कोणाला हत्तीपाय तर होणार नाही ना?" पाळीव कुत्रे असलेल्या घरांतून हा प्रश्न हल्ली अधूनमधून येतो. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. कुत्र्याच्या रक्तात सापडणारा फायलेरिया वेगळा आणि माणसाला हत्तीपाय करणारा वेगळा. कुत्र्याच्या जंतामुळे हत्तीपाय होत नाही.

पण हे दोन्ही जंत एकाच कुळातले आहेत, चुलतभाऊ म्हणा हवे तर. दोघांचाही प्रसार डासच करतो. आणि वैद्यकाच्या इतिहासात डोकावले तर आणखी एक गोष्ट दिसते. माणसाच्या हत्तीपायाचे कोडे सुटले त्यात कुत्र्यांचा वाटा फार मोठा आहे. जंत रक्तात असतो हे आधी कुत्र्यात दिसले. तो डासाच्या सोंडेतून येतो याचा पुरावा कुत्र्यानेही दिला. आजची औषधेसुद्धा कुत्र्यांच्या आणि गुराढोरांच्या उपचारातून आपल्यापर्यंत आली आहेत. ही हकिकत समजून घेतली, तर दरवर्षी आशाताई दारात घेऊन येतात त्या गोळ्यांचे महत्त्व आपोआप पटेल, असे मला वाटते.

आधी आजार समजून घेऊ

फायलेरिया हा शब्द लॅटिन भाषेतील 'धागा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. हे जंत दिसतातही दोऱ्यासारखेच. भारतातील हत्तीपायाचे जवळजवळ सर्व रुग्ण 'वुचेरेरिया बँक्रॉफ्टी' या जंतामुळे होतात. याची मादी ८ ते १० सेंटीमीटर लांब, पण शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक असते. ती आपल्या लसिकावाहिन्यांत राहते. शरीरातील जादा पाणी गोळा करून पुन्हा रक्तात सोडणाऱ्या बारीक नळ्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. घरातल्या मोरीचा पाइप तुंबला की पाणी साचते, तसेच इथे होते. नळ्या खराब झाल्या की पाय सुजतो, पुरुषांत अंडवृद्धी म्हणजे हायड्रोसील होते. सूज वर्षानुवर्षे राहिली की कातडी जाड होते आणि पाय हत्तीच्या पायासारखा दिसू लागतो.

ही मादी लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डासाची मादी रक्त पिते तेव्हा ती पिल्ले तिच्या पोटात जातात. तिथून तिच्या छातीच्या स्नायूंत शिरतात, साधारण १० ते १४ दिवसांत वाढतात आणि सोंडेत येऊन बसतात. पुढच्या चाव्याच्या वेळी ती कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. डासाच्या अंगात त्यांची संख्या वाढत नाही, त्यामुळे एखाद्या चाव्याने हत्तीपाय होत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने डास चावावे लागतात.

कुत्र्याच्या 'हार्टवर्म'चे, म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिसचे, गणित असेच आहे. फक्त त्याचा मुक्काम हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत असतो. त्याची मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते. म्हणजे फूटभर लांबीच्या शेवयांचा गुंता हृदयात! कुत्रा खोकू लागतो, धापा टाकतो, थकतो आणि उपचार न मिळाल्यास दगावतो.

शाप, पाप आणि साचलेले पाणी

हत्तीपाय आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्याला 'श्लीपद' म्हटले आहे. जिथे जुने पाणी साचून राहते आणि बाराही महिने गारवा असतो, अशा प्रदेशांत हा रोग विशेष होतो, असे निरीक्षण त्यात आहे. डासाचा उल्लेख नाही, पण साचलेल्या पाण्याशी लावलेला संबंध अचूक होता.

पुढच्या काळात मात्र लोकांनी कारण पाण्यात शोधण्याऐवजी रोग्याच्या पापात शोधले. यान हाउखेन फान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस म्हणून काही वर्षे राहिला. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने दक्षिण भारतातील काही लोकांचे वर्णन केले आहे : गुडघ्यापासून खाली एक पाय हत्तीच्या पायाएवढा जाड. त्याने ऐकलेले कारण असे, की हे लोक संत थॉमसला मारणाऱ्यांचे वंशज असून त्यांना तो शाप भोवला. आपल्याकडेही 'मागच्या जन्मीचे पाप' म्हणणारे अजून भेटतात. रोगाचे कारण कळेपर्यंत दोष रोग्याच्या माथी बसतो. हा फक्त हत्तीपायाचा अनुभव नाही. कुष्ठरोगाचे आणि क्षयाचेही तेच झाले.

कुत्रा आधी, माणूस नंतर

शाप आणि पाप यांच्या चर्चेतून कुत्रा सुटला, कारण त्याच्या मागच्या जन्माचा विचार कोणी केला नाही. त्याला जंत झाला तर तो जंतच मानला गेला. इटलीतील फ्रान्सेस्को बिरागो यांनी १६२६ साली शिकारीवरील आपल्या पुस्तकात कुत्र्याच्या हृदयातील जंतांचे वर्णन केले. पुढे १८४३ साली पॅरिसमध्ये ग्रूबी आणि देलाफों या दोघांनी कुत्र्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा त्यात वळवळणारी असंख्य सूक्ष्म पिल्ले दिसली. जिवंत प्राण्याच्या रक्तात जंतांची पिल्ले फिरत असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

माणसात तशी पिल्ले दिसायला आणखी २० वर्षे लागली. १८६३ साली पॅरिसमध्येच देमार्के यांना हायड्रोसीलच्या पाण्यात ती सापडली. १८६६ साली ब्राझीलच्या बाहिया प्रांतात ओटो वुचेरर यांना दुधासारख्या पांढऱ्या लघवीत दिसली. १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी ती माणसाच्या रक्तात पाहिली. लुईस यांनी कलकत्त्याच्या बेवारशी कुत्र्यांचे रक्तही तपासले आणि त्यांतही अशीच पिल्ले त्यांना आढळली. १८७६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जोसेफ बँक्रॉफ्ट यांनी रुग्णाच्या गळवातून पूर्ण वाढलेला जंत बाहेर काढला. 'वुचेरेरिया बँक्रॉफ्टी' या नावात यांतील दोन डॉक्टर कायमचे जोडले गेले आहेत.

जंत सापडला, पिल्ले सापडली. पण एका माणसाच्या रक्तातून ती दुसऱ्याच्या शरीरात पोहोचतात कशी?

मॅन्सन यांचा माळी

चीनच्या किनाऱ्यावर अमॉय नावाचे बंदर आहे, आता त्याला शियामेन म्हणतात. तिथे पॅट्रिक मॅन्सन हे स्कॉटिश डॉक्टर कस्टम खात्यात नोकरीला होते. त्यांनी माणसांबरोबर कुत्र्यांच्या रक्तातील जंतांचाही अभ्यास केला. त्यांचा तर्क असा : ही पिल्ले रक्तात फिरतात, पण तिथे वाढत नाहीत. म्हणजे त्यांना बाहेर पडण्यासाठी रक्त पिणाऱ्या कोणाची तरी मदत लागत असणार.

१८७७ साली त्यांनी आपल्या माळ्याला, हिन-लो याला, प्रयोगासाठी तयार केले. त्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया होते. रात्री त्याला एका खास खोलीत झोपवले जाई. शेजारी दिवा ठेवून दार अर्धा तास उघडे ठेवायचे, डास आत आले की दिवा विझवून दार लावायचे. सकाळी पोट फुगलेले डास भिंतीवर बसलेले असत. त्यांना तंबाखूच्या धुराने गुंगवून बाटलीत भरायचे आणि रोज काही डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मॅन्सन यांना डासाच्या शरीरात ती पिल्ले वाढताना दिसली. माणसाच्या आजाराचा जंतू कीटकाच्या अंगात वाढतो, हे प्रथमच कोणी पाहिले होते.

थोड्याच वर्षांत मॅन्सन यांनी आणखी एक गोष्ट शोधली. ही पिल्ले दिवसा रक्तात फारशी सापडत नाहीत, रात्री झुंडीने येतात. हत्तीपाय पसरवणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, आणि जंताने आपली वेळ जणू त्याच्याशी जुळवून घेतली आहे. म्हणूनच आजही फायलेरियासाठी रक्ताचा नमुना रात्री घेतात. विदर्भात हत्तीरोग विभागाचे कर्मचारी रात्री घरी येऊन बोटातून रक्त मागतात, तेव्हा काही लोक वैतागतात. "दिवसा का नाही येत?" असे विचारतात. त्याचे उत्तर हे आहे.

अर्धवट माहितीची २३ वर्षे

इतके सगळे बरोबर शोधूनही मॅन्सन एका ठिकाणी अडकले. डासांविषयी त्या काळी फारशी माहिती नव्हती. डासाची मादी आयुष्यात एकदाच रक्त पिते, पाण्यावर अंडी घालते आणि चार-पाच दिवसांत मरते, अशी त्यांची समजूत होती. मग डासातला जंत माणसात कसा येणार? डास पाण्यात मरतो, जंत पाण्यात उतरतो आणि माणूस ते पाणी पितो, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

वाचायला पटण्यासारखा आहे ना? पण हे खरे मानले तर उपाय निघतो पाणी उकळून पिण्याचा, मच्छरदाणीचा नव्हे. माणसे पाणी उकळत राहतील आणि डास रात्रभर चावत राहतील! या समजुतीची सावली मलेरियाच्या संशोधनावरही पडली. मॅन्सन यांच्या मार्गदर्शनाने भारतात काम करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी सुरुवातीला डास मेलेले पाणी माणसांना पाजून पाहिले होते. अखेर १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करताना रॉस यांना दिसले, की मलेरियाचा जंतू डासाच्या लाळग्रंथींत येतो आणि चाव्यातून पसरतो.

मग हत्तीपायाचेही तसेच असेल का? १९०० साली उत्तर मिळाले, आणि तेही एकाच वेळी अनेक ठिकाणांहून. ब्रिस्बेनहून बँक्रॉफ्ट यांचे डॉक्टर चिरंजीव थॉमस यांनी रुग्णाचे रक्त प्यायलेले डास लंडनला पाठवले. तिथे जॉर्ज लो यांनी त्या डासांचे पातळ काप केले, तेव्हा जंताच्या अळ्या थेट सोंडेत सापडल्या. त्याच वर्षी आपल्याकडे त्रावणकोरमध्ये एस. पी. जेम्स यांनाही हेच दिसले. आणि इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या जंतावर काम करून दाखवून दिले, की अळ्या डासाच्या सोंडेतून बाहेर येतात आणि लागण चाव्यातूनच होते. अशा प्रयोगासाठी माणसाला मुद्दाम आजारी पाडता येत नव्हते. कुत्र्याने ती जागा भरून काढली.

१८७७ ते १९००. एका चुकीच्या समजुतीपायी २३ वर्षे गेली. मॅन्सन यांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. पण आजाराचे कारण अर्धे कळले की उपाय पूर्ण चुकू शकतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

औषधांचीही वाट प्राण्यांकडून

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर लढणाऱ्या हजारो अमेरिकन सैनिकांना फायलेरियाची लागण झाली, तेव्हा औषधाचा शोध जोरात सुरू झाला. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या गटाने १९४७ साली डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे आपण ज्याला डीईसी म्हणतो त्या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. हे औषध आधी फायलेरिया झालेल्या उंदरांसारख्या प्राण्यांना आणि कुत्र्यांना दिले गेले, त्यानंतर माणसांना. पुढची अनेक वर्षे तेच औषध अमेरिकेत कुत्र्यांना हार्टवर्म होऊ नये म्हणून रोज देत असत. सुब्बाराव १९४८ साली वारले. आज आपल्या गावात वाटली जाणारी डीईसीची गोळी ही त्यांची देणगी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

दुसरे औषध आयव्हरमेक्टिन. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यापासून मिळालेल्या पदार्थाची जंतांवरील ताकद ओळखली. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आले. १९८७ साल महत्त्वाचे. त्याच एका वर्षी अमेरिकेत कुत्र्यांसाठी हार्टवर्म टाळणारी महिन्यातून एकदा द्यायची गोळी मंजूर झाली, आणि त्याच वर्षी मर्क कंपनीने आफ्रिकेतील 'रिव्हर ब्लाइंडनेस' या फायलेरियाच्याच कुळातील आजारासाठी हे औषध माणसांना फुकट देण्याचे जाहीर केले. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले.

भारतात राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ पासून बाधित जिल्ह्यांत सर्वांना एकाच वेळी गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन घालून तीन औषधे देण्याची पद्धत देशातील ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत आली, त्यांत आपले नागपूर होते.

"मला काय झालंय, मी कशाला गोळी घेऊ?"

आता मुद्द्याची गोष्ट. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत मोहिमेच्या वेळी हे वाक्य घरोघरी ऐकू येते. गोळ्या हातात घेतल्या जातात, "जेवल्यावर घेतो" म्हटले जाते आणि त्या खिडकीत पडून राहतात.

लागण झालेल्या बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच त्रास नसतो. ज्याचा पाय सुजलेला आहे, त्याच्या रक्तात बऱ्याचदा पिल्ले सापडतही नाहीत. उलट धडधाकट दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या रक्तातून डास ती उचलत असतो. म्हणून ही गोळी सर्वांनी घ्यायची असते. तिने रक्तातील पिल्ले मरतात, पण मोठे जंत सहज मरत नाहीत आणि ते काही वर्षे जगतात. म्हणून ती वर्षातून एकदा, सलग काही वर्षे घ्यावी लागते.

काही जणांना गोळीनंतर ताप, डोकेदुखी किंवा मळमळ होते. बहुतेक वेळा हा त्रास रक्तातील पिल्ले मरत असल्यामुळे होतो आणि एक-दोन दिवसांत थांबतो. म्हणजे त्या व्यक्तीला गोळीची गरज होतीच! गोळी उपाशीपोटी घेऊ नये. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ती देत नाहीत. आयव्हरमेक्टिनसाठी वय आणि उंचीचे वेगळे नियम आहेत, ते आशाताई पाहतात. कुत्र्यासाठी आणलेली गोळी मात्र माणसाने कधीही घेऊ नये, आणि आपली गोळी कुत्र्याला देऊ नये. मात्रा वेगळी असते.

गोळीने सुजलेला पाय पूर्ववत होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. अशा रुग्णांनी रोज पाय साबणाने हलक्या हाताने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, भेगा व जखमांवर लगेच उपचार घ्यावेत, बसताना पाय वर ठेवावा. एवढ्याने वारंवार येणारा ताप आणि वाढती सूज बरीच आटोक्यात राहते. हायड्रोसील शस्त्रक्रियेने बरा होतो.

क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. संडासाच्या टाकीच्या पाइपला जाळी बांधणे, उघडी गटारे वाहती ठेवणे, सांडपाण्यासाठी शोषखड्डा करणे, साचलेल्या डबक्यात गप्पी मासे सोडणे आणि रात्री मच्छरदाणीत झोपणे हे उपाय सर्वांना जमण्यासारखे आहेत.

कुत्र्याचा जंत माणसात आला तर?

क्वचित येतो, पण डासामार्फत. कुत्र्याला हात लावून, त्याच्या चाटण्याने किंवा चावण्याने नाही. डायरोफायलेरिया रिपेन्स नावाचा कुत्र्याच्या कातडीखाली राहणारा जंत कधी माणसाच्या कातडीखाली गाठ करतो, तर कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागाखाली वळवळताना दिसतो. केरळमधून असे बरेच रुग्ण नोंदले गेले आहेत. रुग्ण साहजिकच घाबरतो. पण सहसा एकच जंत असतो, माणसात त्याची पुढची पिढी तयार होत नाही, आणि नेत्रतज्ज्ञांनी किंवा सर्जननी तो काढला की आजार संपतो. हार्टवर्म माणसात आला तर बहुधा फुप्फुसात मरतो आणि एक्स-रेवर नाण्यासारखा गोल डाग दिसतो. तो कर्करोगासारखा वाटू शकतो, म्हणून त्याची तपासणी करावी लागते. अशा गाठी स्वतः फोडू नका, डोळा चोळू नका, दवाखान्यात या.

या दोन चुलतभावांत एक फरक मात्र आपल्या फायद्याचा आहे. कुत्र्याचा हार्टवर्म कोल्ह्या-लांडग्यांसारख्या रानटी प्राण्यांतही राहतो. त्यामुळे तो जिथे आहे तिथे कुत्र्याला गोळी जन्मभर चालू ठेवावी लागते. आपल्या वुचेरेरियाला माणसाशिवाय दुसरे घर नाही. एका गावातील सर्व माणसांच्या रक्तातून तो काही वर्षे हटवला, तर त्याला परतायला जागा उरत नाही. मॅन्सन यांच्या माळ्याच्या चीनमधून हत्तीपाय संपल्याचे २००७ साली जाहीर झाले. २०१६ साली श्रीलंकेने आणि २०२३ साली बांगलादेशाने तेच करून दाखवले. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे.

तेव्हा यंदा आशाताई दारात आल्या की गोळी हातात घेऊन "नंतर" म्हणू नका. जेवण झालेले असेल तर त्यांच्यासमोरच, घोटभर पाण्याबरोबर घ्या.